शैवालाची गोळी घेण्याआधी

शैवाल ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्यातलं बरंवाईट सगळं शोषून घेतं. पाण्यात लोह असेल तर लोह, आयोडीन असेल तर आयोडीन, आणि शिसं किंवा आर्सेनिक असेल तर तेही. सांडपाण्यातले जड धातू काढून घेण्यासाठी शैवालावर जगभर प्रयोग होतात ते याच गुणामुळे. म्हणून शैवालाची पावडर, गोळी किंवा कॅप्सूल विकत घेताना सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारायच्या: हे कोणत्या पाण्यात वाढलं, आणि ते तपासलं कोणी?

हल्ली मेडिकलच्या काउंटरवर, जिममधल्या ट्रेनरच्या यादीत, कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शैवालाच्या डब्या सर्रास दिसतात. कोणी केस गळतात म्हणून घेतं, कोणी हिमोग्लोबिन वाढावं म्हणून, कोणी घरात सगळे शाकाहारी आणि बी-१२ कमी आलं म्हणून. यातली काही कारणं रास्त आहेत, काही साफ चुकीची. चुकीच्या कारणासाठी घेतलेली उत्तम दर्जाची गोळीसुद्धा पैसे वाया घालवते, आणि त्याहून वाईट म्हणजे खरा उपचार लांबणीवर टाकते. त्यामुळे दर्जाकडे वळण्याआधी गरजेचा हिशोब मांडू.

शैवाल या एका नावाखाली बाजारात प्रामुख्याने चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पहिलं स्पिरुलिना. शास्त्राच्या भाषेत हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारा सूक्ष्म जिवाणू. व्यवहारात त्याला निळं-हिरवं शैवाल म्हणतात. दुसरं क्लोरेला, हे खरोखरीचं एकपेशीय हिरवं शैवाल. तिसरं शैवालापासून काढलेलं तेल, ज्यात डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल असतं. चौथं केल्पसारखं समुद्री शैवाल, जे आयोडीनसाठी विकलं जातं. या चारांचे उपयोग वेगळे आणि धोकेही वेगळे. दुकानात नुसतं ‘शैवालाच्या गोळ्या द्या’ असं म्हणून काहीच निष्पन्न होत नाही.

प्रथिनांचं घ्या. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात, हे खरं आहे, आणि जाहिरातीत तेच ठळक अक्षरांत असतं. पण खाणार किती? रोजची मात्रा साधारण तीन ग्रॅम धरली तर पोटात जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं जातात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. तेव्हा प्रथिनांसाठी स्पिरुलिना घेण्यात अर्थ नाही. त्या पैशांत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी कितीतरी येतील. लोहाचंही तसंच. शंभर ग्रॅम स्पिरुलिनात अठ्ठावीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, म्हणजे तीन ग्रॅममधून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेल्या बाईला हिरव्या गोळीच्या भरवशावर ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळीच हवी.

बी-१२ बद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत हा प्रश्न आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं दाखवून देत आहेत की आपल्याकडे बी-१२ ची कमतरता अतिशय सर्रास आहे आणि तिचं मोठं कारण शाकाहार हे आहे. अशा वेळी ‘बी-१२ चा शाकाहारी स्रोत’ असं डबीवर वाचलं की माणूस ती उचलतोच. परंतु स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी छद्म बी-१२ असतं. जपानमधले संशोधक फुमिओ वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्यांचं पृथक्करण केलं, तेव्हा त्यातलं सुमारे ८३ टक्के बी-१२ छद्म स्वरूपाचं आणि केवळ १७ टक्के खरं निघालं. छद्म बी-१२ ची रचना खऱ्याशी मिळतीजुळती असते, पण माणसाच्या शरीराला ते वापरता येत नाही. गोंधळ वाढतो तो तपासणीच्या पद्धतीमुळे. बी-१२ मोजण्याची जुनी रीत अशी, की एका विशिष्ट जिवाणूला तो नमुना खाऊ घालायचा आणि जिवाणू किती वाढतो त्यावरून आकडा काढायचा. त्या जिवाणूला छद्म बी-१२ चालतं, म्हणून आकडा फुगतो आणि तोच डबीवर छापला जातो. क्लोरेलाच्या काही उत्पादनांत खरं बी-१२ आढळलं आहे, पण एका कंपनीच्या मालात भरपूर तर दुसऱ्या कंपनीच्या मालात जवळपास शून्य, अशी परिस्थिती आहे. रक्तात बी-१२ कमी असेल तर सायनोकोबालमिन किंवा मिथाइलकोबालमिनची साधी गोळी, किंवा डॉक्टर सांगतील तर इंजेक्शन, हाच मार्ग. हातापायांना मुंग्या येत असताना शैवालावर महिने घालवू नका. मज्जातंतूंचं झालेलं नुकसान नंतर भरून येईलच असं नसतं.

मग शैवाल घ्यायचं कशासाठी? माझ्या मते शाकाहारी माणसासाठी सगळ्यात भक्कम कारण आहे डीएचए. त्याच्याकडे पुढे येतो. स्पिरुलिना आणि क्लोरेला हे पूरक अन्न म्हणून, म्हणजे रोजच्या चांगल्या जेवणावर थोडी हिरवी भर म्हणून घ्यायला हरकत नाही, आणि तसं घेण्याची परंपरा जुनी आहे. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातल्या कानेंबू बायका खाऱ्या डबक्यांतलं स्पिरुलिना गाळून, वाळूवर वाळवून त्याच्या वड्या करतात. त्यांना त्या ‘दिहे’ म्हणतात आणि कालवणात घालतात. मेक्सिकोतल्या टेक्सकोको सरोवरावर अझ्टेक लोकही हेच करत. तिथे ते अन्न होतं. डबीतल्या गोळीकडेही अन्न म्हणूनच पाहिलं तर निवड सोपी होते.

टाकीपासून डबीपर्यंत

स्पिरुलिना चांगलं की वाईट हे समजून घ्यायचं तर ते कसं तयार होतं हे डोळ्यांसमोर हवं. उथळ टाकी, त्यात खाण्याच्या सोड्याने अल्कधर्मी केलेलं पाणी, थोडं मीठ, नत्र आणि इतर क्षार. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, तापमान तीस ते पस्तीस अंश. इतक्या खारट-सोडायुक्त पाण्यात बाकीचे जीव सहसा तग धरत नाहीत, आणि तीच स्पिरुलिनाची राखण असते. टाकीत पंखे फिरवून पाणी हलतं ठेवतात, म्हणजे सगळ्या धाग्यांना ऊन मिळतं. पाणी गडद हिरवं झालं की ते बारीक जाळीच्या कापडातून गाळायचं, वर राहिलेला लगदा गोड्या पाण्याने धुवून त्यातला सोडा काढायचा, दाबून पाणी निथळवायचं, आणि आपल्या शेवेच्या सोऱ्यासारख्या साच्यातून त्याच्या तारा पाडून वाळवायच्या. वाळल्यावर दळलं की पावडर.

यात दर्जा बिघडण्याच्या जागा मोजक्या आणि स्पष्ट आहेत. पाणी कुठलं, हे पहिलं. बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड असू शकतं, म्हणून ते तपासलेलं असायला हवं. दुसरं, टाकीत घातलेली खतं कोणत्या प्रतीची. शेतीच्या स्वस्त खतांत जड धातूंचा अंश असू शकतो. शेतातल्या मातीत तो पसरतो, पण टाकीत तो थेट शैवालात जातो. म्हणून खाण्यायोग्य प्रतीचे क्षार वापरायला हवेत. तिसरं, सामू घसरला का. पाण्याचा सोडा कमी झाला की दुसरी शैवालं शिरकाव करतात, आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. चौथं, वाळवण. उघड्यावर, धुळीत, माश्या बसतात अशा जागी वाळवलेला माल कितीही ‘नैसर्गिक’ म्हटला तरी घेऊ नये. फार जास्त उष्णतेत वाळवला तर त्यातला निळा रंग, म्हणजे फायकोसायनिन, नष्ट होतो. हे फायकोसायनिनच स्पिरुलिनाचं वैशिष्ट्य आहे. चांगल्या मालात ते कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असतं.

भारतात स्पिरुलिनाचं संशोधन आणि उत्पादन दोन्ही जुनं आहे. मैसूरची सीएफटीआरआय ही अन्नसंशोधन संस्था आणि चेन्नईचं मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्र यांनी यावर बराच काळ काम केलं. तमिळनाडूत मोठ्या टाक्यांवर उत्पादन चालतं आणि ऑरोव्हिलमध्ये लहान प्रमाणावर. महाराष्ट्रातही काही शेतकरी टाक्या बांधतात. तुमच्या जवळपास असा उत्पादक असेल तर जाऊन टाकी बघा आणि वरचे चारही प्रश्न विचारा. प्रामाणिक शेतकरी सामूची रोजची वही उघडून दाखवतो. त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. टाकीवर सावलीची जाळी आहे का, कडेला शेवाळाचा पिवळट थर साचला आहे का, वाळवणीच्या खोलीला जाळ्या आहेत का, हे तुम्हाला एका चकरेत कळेल.

टाकीपर्यंत जाणं शक्य नसेल तर घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात साधं थंड पाणी घ्या, त्यावर पाव चमचा पावडर भुरभुरा आणि न ढवळता रात्रभर ठेवा. सकाळी चांगल्या स्पिरुलिनाचं पाणी सुंदर निळं झालेलं दिसतं. हा ग्लास उन्हाच्या तिरिपेत धरून बाजूने पाहिला तर त्या निळ्यात लालसर झाक चमकते. फायकोसायनिनचा तो स्वभावच आहे. पाणी मळकट हिरवं किंवा तपकिरी राहिलं तर माल जुना आहे किंवा वाळवताना भाजला गेला आहे. पावडरचा रंगही बोलतो: गडद निळसर हिरवा चांगला, पिवळट किंवा शेवाळी-तपकिरी संशयास्पद. वास समुद्राच्या वाऱ्यासारखा हलका असावा. सडक्या मासळीची दुर्गंधी आली तर लगदा वाळायला उशीर झालेला असतो. गोळी असेल तर ती कुटून हीच परीक्षा करा. एवढं मात्र लक्षात ठेवा, की या परीक्षेतून ताजेपणा कळतो. शिसं किंवा विष त्यातून कळत नाही. त्यासाठी कागदच लागतो.

तो कागद म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल

चांगली कंपनी प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल ठेवते आणि मागितला तर पाठवते. काही कंपन्या डबीवर क्यूआर कोड देतात. कस्टमर केअरला एक मेल लिहा: माझ्या डबीचा बॅच क्रमांक अमुक, याचा अहवाल पाठवा. येणारं उत्तर तुम्हाला बरंच काही सांगेल. ‘आमचं उत्पादन शंभर टक्के शुद्ध आणि नैसर्गिक आहे’ एवढंच उत्तर आलं तर ती डबी पुन्हा घेऊ नका.

अहवाल हातात आला की आधी बॅच क्रमांक जुळवा. दोन वर्षांपूर्वीचा कुठलातरी अहवाल सगळ्यांना पाठवणाऱ्या कंपन्या असतात. मग प्रयोगशाळेचं नाव बघा: ती कंपनीची स्वतःची आहे की बाहेरची, आणि बाहेरची असेल तर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का. त्यानंतर धातू: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा, चारही असायला हवेत आणि चारहींपुढे आकडा हवा. नुसतं ‘पास’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर ते यंत्र किमान किती प्रमाण ओळखू शकतं तेही लिहिलेलं असतं. ती मर्यादाच मोठी असेल तर ‘आढळलं नाही’ला फारसा अर्थ उरत नाही.

आकडे पीपीएममध्ये असतात, म्हणजे एका किलोत किती मिलिग्रॅम, किंवा तेच एका ग्रॅममध्ये किती मायक्रोग्रॅम. समजा शिसं १ पीपीएम आहे आणि तुम्ही रोज तीन ग्रॅम पावडर घेता, तर रोज तीन मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. अमेरिकेच्या एफडीएने अन्नातून जाणाऱ्या शिशाची संदर्भमर्यादा मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम आणि मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि ती दिवसभराच्या सगळ्या अन्नाची मिळून आहे. म्हणजे मोठ्या माणसाला १ पीपीएमची पावडर एकवेळ चालेल, पण तीच तीन ग्रॅम लहान मुलाला दिली तर एकट्या पावडरमुळेच मर्यादा ओलांडली जाते. शिसं अर्धा पीपीएम किंवा त्याहून कमी असलेला माल शोधावा असं मी सांगेन, आणि तो मिळतो.

धातूंनंतर जिवाणू. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्यापुढे ‘अनुपस्थित’ हवं. यीस्ट-बुरशीचा आकडा हवा. ओलावा सात-आठ टक्क्यांच्या आत हवा, कारण त्याहून ओली पावडर बरणीतच बुरसटते. आणि शेवटी मायक्रोसिस्टिन. ही तपासणी बऱ्याच अहवालांत नसते, पण मी तिचा आग्रह धरतो. मायक्रोसिस्टिन हे काही निळ्या-हिरव्या शैवालांत तयार होणारं विष आहे आणि ते यकृतावर घाला घालतं. स्पिरुलिना स्वतः ते बनवत नाही, पण टाकीत घुसखोर शैवाल आलं तर ते मालात येऊ शकतं. याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं. ओरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून एएफए नावाचं जंगली निळं-हिरवं शैवाल गोळा करून त्याच्या गोळ्या विकल्या जातात. सरोवर उघडं, त्यात काय वाढेल त्यावर कोणाचा ताबा नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने एका ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवली, आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ८७ पैकी ८५ नमुन्यांत मायक्रोसिस्टिन सापडलं. ६३ नमुने मर्यादेच्या वर होते. तेव्हा परदेशातून येणाऱ्या डबीवर नुसतं निळं-हिरवं शैवाल किंवा एएफए लिहिलं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका, आणि मुलांना तर मुळीच देऊ नका. कोणी प्रेमाने आणलं असलं तरी.

‘ऑर्गॅनिक’ची मोहोर दिसली की अनेकांना निर्धास्त वाटतं. ती मोहोर खतं आणि प्रक्रिया कोणती वापरली याबद्दल सांगते. त्या बॅचमध्ये शिसं किती हे तिच्यातून कळत नाही. मोहोर असली तरी अहवाल मागायचाच.

क्लोरेलाबद्दल थोडक्यात. त्याच्या पेशीचं कवच टणक असतं आणि ते आपल्याला नीट पचत नाही, म्हणून पेशीभित्तिका फोडलेलं क्लोरेला घ्या. तसं डबीवर लिहिलेलं असतं. ‘शरीरातलं विष बाहेर काढतं’ या दाव्यावर पैसे खर्च करू नका. १९७७ मध्ये जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्या खाल्लेल्या काही लोकांना उन्हाने त्वचा भाजण्याचा त्रास झाला होता; हरितद्रव्य नीट न हाताळल्यामुळे तयार झालेलं फिओफॉर्बाइड त्याच्या मुळाशी होतं, आणि त्यानंतर तिथे त्यावर मर्यादा आली. क्लोरेला सुरू केल्यावर उन्हात गेलं की चेहरा-हात लाल होऊन आग होत असेल तर गोळी लगेच थांबवा.

शाकाहारी घरासाठी डीएचए

माशांमध्ये जे ओमेगा-३ असतं ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचंच. मासे ती खातात, आपण मासे खातो. कोकणात आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली ताटात येत असेल तर तुम्हाला कॅप्सूलची गरज नाही. ज्यांच्या घरात मासे शिजत नाहीत त्यांच्यासाठी शैवालाचं तेल हा थेट मार्ग आहे. जवसाची चटणी जरूर खा, पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए होण्याचं प्रमाण फार थोडं असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी ईपीए (हेही ओमेगा-३ मेदाम्लच) आणि डीएचए मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसं मानलं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे.

या तेलाचं एक मोठं बलस्थान म्हणजे ते बनवणारे सूक्ष्मजीव बहुधा बंद पोलादी टाक्यांत, साखरेवर वाढवले जातात. समुद्राच्या पाण्याचा संबंध येत नाही, म्हणून पारा आणि इतर प्रदूषणाची भीती फारच कमी. पाण्याचा प्रश्न इथे जवळजवळ सुटलेला असतो.

फसगत होते ती लेबल वाचताना. समोर मोठ्या अक्षरांत ‘१००० मिग्रॅ’ असतं. तो तेलाचा आकडा. मागे बारीक अक्षरांत बघा, डीएचए किती: १०० असेल, २०० असेल, ४०० असेल. तुम्ही पैसे त्या मागच्या आकड्याचे देता. डबीची किंमत भागिले कॅप्सूलची संख्या, आणि त्याला भागिले एका कॅप्सूलमधलं डीएचए, असा हिशोब मोबाइलवर एका मिनिटात होतो. महागडी वाटणारी डबी अनेकदा स्वस्त निघते. ‘व्हेज ओमेगा’ नावाच्या कित्येक कॅप्सूलमध्ये नुसतं जवसाचं तेल असतं आणि डीएचएचा पत्ता नसतो. तेल शाकाहारी असलं तरी वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असू शकतं. हिरवा ठिपका पाहून घ्या.

डीएचए हवेत लवकर खवट होतं. नव्या डबीतली एक कॅप्सूल सुईने फोडून वास घ्या. शैवालाचा थोडा समुद्री वास ठीक. जुन्या तळणीच्या तेलासारखा वास आला तर डबी परत करा. अहवाल मिळाला तर त्यात खवटपणा मोजणारे दोन आकडे बघा: पेरॉक्साइड व्हॅल्यू पाचच्या आत आणि टोटॉक्स सव्वीसच्या आत असावा, हे या धंद्याचे स्वतःचेच निकष आहेत. डबी उन्हात ठेवू नका आणि कॅप्सूल जेवणाबरोबर घ्या. अन्नातल्या तुपातेलाबरोबर ती चांगली शोषली जाते.

केल्पच्या गोळ्यांपासून मात्र बहुतेकांनी दूरच राहावं. आपल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि कोंबूसारख्या समुद्री शैवालाच्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं. जादा आयोडीनने थायरॉइड मंदही होतो आणि भडकतोही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने ‘थायरॉइडसाठी नैसर्गिक’ असं वाचून केल्प सुरू करणं धोक्याचं आहे. हिजिकी नावाच्या समुद्री शैवालात असेंद्रिय आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न संस्थेने ते खाऊच नये असं सांगितलं आहे. चायना ग्रास वापरून घरी जेली-पुडिंग करता, तेही समुद्री शैवालाचंच. त्याची चिंता नको.

भारतात ही सगळी उत्पादनं औषध म्हणून नाही, अन्न म्हणून विकली जातात. त्यामुळे डबीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक हवा, ‘हेल्थ सप्लिमेंट’ असा उल्लेख हवा, औषधी वापरासाठी नाही अशी सूचना हवी, रोजची मात्रा हवी. क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे का ते पाहता येतं. ‘निर्माता’ आणि ‘विक्रेता’ ही दोन नावं वेगळी आहेत का, बघा. बरेच ब्रँड दुसरीकडे बनलेला माल आपल्या नावाने भरतात; त्यात गैर काही नाही, पण शैवाल कुठे वाढलं हे त्यांना सांगता आलं पाहिजे. आणि मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा डबीवर किंवा विक्रेत्याच्या तोंडी आला तर तिथेच थांबा. असे दावे कायद्याने करता येत नाहीत, आणि जो तो कायदा मोडतो तो पाणी तपासत असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

काहींनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्पिरुलिना-क्लोरेला घेऊच नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोमसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी, कारण क्लोरेलात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि गोळीचा परिणाम त्याने कमी होतो. संधिवात, ल्युपससारखे स्वयंप्रतिकार आजार असणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, फिनाइलकीटोन्यूरिया असलेले रुग्ण, युरिक अ‍ॅसिड वाढलेले, आणि गरोदर बायका. लहान मुलांना हौसेने देऊ नका.

सुरुवात पाव चमच्याने करा आणि आठवडाभरात हळूहळू वाढवा. एकदम तीन ग्रॅम घेतलं तर गॅस, मळमळ होते. शौचाचा रंग हिरवा दिसतो, त्याने घाबरू नका. अंगावर पुरळ, ओठ सुजणं किंवा दम लागणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. तत्काळ डॉक्टर गाठा. पावडर ताकात, कोशिंबिरीत, थंड सरबतात घाला. थालिपीठाच्या पिठात मळलीत तरी प्रथिनं आणि लोह राहतं, पण निळा रंग तव्यावर जातो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या पावडरचे आठवड्यात गोळे होतात, तेव्हा मोठं पाकीट घेण्यापेक्षा महिनाभर पुरेल एवढंच घ्या, अपारदर्शक घट्ट बरणीत ठेवा आणि चमचा कोरडा ठेवा.

मूळ डबी मात्र बरणी भरली म्हणून फेकू नका. बॅच क्रमांक त्यावर असतो. काही त्रास झाला किंवा माल संशयास्पद वाटला तर उरलेल्या मालासह तीच डबी आणि बिल घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते, किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर डबीचा फोटो टाकून.